सराव पाठात ‘सुरक्षित’ राहणं सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या छात्राध्यापिकेचे (म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीचे) सराव पाठ व्यवस्थित होतात. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, वेळेत तयार असतं, वर्ग शांत असतो, तास संपायच्या आत गृहपाठही देऊन होतो. तरी मार्गदर्शकांच्या शेऱ्यात दर वेळी तेच वाक्य येतं, “पाठ चांगला, पण कम्फर्ट झोनमधून बाहेर या.” बाहेर म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही. त्यांना गटकार्याची धास्ती वाटते. मुलांनी उत्तर येत नसलेला प्रश्न विचारला तर काय करायचं, हे कळत नाही. त्यातच पुढच्या टप्प्यात नेहमीपेक्षा लहान इयत्ता वाट्याला आली आहे.

बरीच वर्षं मी वर्गात मागच्या बाकावर बसून असे पाठ पाहते आहे. तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. एवढ्या शेऱ्यावरून दुसऱ्या दिवशी वर्गात काय करायचं ते ठरवता येत नाही. म्हणून आधी थेट उत्तर देते: पाठाचा एक छोटा भाग असा निवडा की त्यात पुढे काय होईल ते तुम्हालाही आधी माहीत नसेल, आणि तो भाग मुलांच्या विचारावर सोडा. बाकीचा पाठ तुम्हाला जमतो तसाच राहू द्या.

पुष्कळ जणांना वाटतं, बाहेर पडायचं म्हणजे काहीतरी धाडसी करायचं. गाणं म्हणायचं, नाट्यीकरण करायचं, रंगीत साधनांचा ढीग न्यायचा, प्रोजेक्टर लावायचा. हे सगळं करूनही पाठ पूर्ण सुरक्षित राहू शकतो, कारण बोलणार तुम्हीच, ठरवणार तुम्हीच, आणि मुलं प्रेक्षक. याउलट हातात फक्त खडू घेऊन उभ्या राहिलेल्या छात्राध्यापकाचा पाठ खूप पुढे गेलेला मी पाहिला आहे.

सुरक्षित पाठाची ही सवय प्रशिक्षणात लागत नाही. ती घेऊनच आपण आलेलो असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हिशेब मांडला होता, की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात गेलेले असतात. याला त्यांनी निरीक्षणातून झालेली उमेदवारी म्हटलं. पण या उमेदवारीत आपण बाकावर बसलेलो होतो. बाईंचं बोलणं, फळा, रागावणं, शाबासकी देणं हे सगळं पाहिलं. त्यांनी आदल्या दिवशी कोणता भाग गाळायचं ठरवलं, कुणाचं उत्तर ऐकून मनातला बेत बदलला, कुठे मुद्दाम गप्प राहिल्या, ते दिसलंच नाही. त्यामुळे वर्गात घाम फुटला की आपण पाहिलेलं तेवढंच करू लागतो: सांगणं, विचारणं, ‘शाब्बास’ म्हणणं आणि पुढे जाणं. यात आळस नाही, भित्रेपणाही नाही. डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं जे होतं तेच हातून होतं.

एक उदाहरण तपशिलात सांगते. पाठ अपूर्णांकांच्या तुलनेचा होता. टाचणात उद्दिष्ट असं होतं, की अंश समान असताना ज्याचा छेद लहान तो अपूर्णांक मोठा, हे मुलांना कळावं. छात्राध्यापकाने विचारलं, “१/३ मोठा की १/४?” एक मुलगी म्हणाली, “१/४. चार मोठे असतात.” सुरक्षित पाठात यापुढचं ठरलेलं असतं. “अजून कोण सांगेल?” मग दुसरं मूल बरोबर उत्तर देतं, शाबासकी मिळते, नियम फळ्यावर येतो. पहिली मुलगी खाली बसते आणि तिच्या डोक्यातले चार मोठेच राहतात.

त्या दिवशी छात्राध्यापकाने तिला खडू दिला आणि “तुला कसं वाटलं ते काढून दाखव,” एवढंच म्हटलं. तिने एक पट्टी काढली, तिचे तीन भाग केले, एक रंगवला. तिच्या खाली दुसरी पट्टी काढली, चार भागांची, पण पहिलीपेक्षा लांब. भाग मात्र दोन्ही पट्ट्यांत सारख्याच मापाचे. आता चित्रात १/३ आणि १/४ तंतोतंत सारखे दिसत होते. तिची स्वतःचीच पंचाईत झाली. छात्राध्यापकाचीही झाली, कारण टाचणात असं काही नव्हतं. तो मागे माझ्याकडे बघू लागला. मी वहीत डोकं घातलं. चार-पाच सेकंद कोणीच बोललं नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, “सर, पण तिच्या पट्ट्या सारख्या नाहीत.” त्यावरून वाद सुरू झाला: सारख्या का असायला हव्यात? नसल्या तर काय बिघडतं? वाद संपला तेव्हा वर्गाने एक गोष्ट स्वतःहून मांडली होती. दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर दोघांचा ‘पूर्ण’ एकच हवा. टाचणात हे वाक्य नव्हतं. खरं तर उद्दिष्टातला नियम यावरच उभा आहे.

त्या तासाला संकलन, म्हणजे शेवटची उजळणी, घाईत झालं आणि गृहपाठ राहिला. मूल्यमापनाच्या तक्त्यात त्याचे गुण गेले असतील. तरी शिकवणं म्हणजे काय ते त्या छात्राध्यापकाला त्या दिवशी कळलं, असं मी ठामपणे म्हणेन. त्याने केलं काय, तर चुकीचं उत्तर पुसून न टाकता ते उलगडून पाहिलं. पुढे काय येईल ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तरी तो थांबला.

थांबणं हे तुमच्यासाठी पहिलं पाऊल असावं. अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांमधल्या संवादांचा अभ्यास केला, तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं त्यांना दिसलं. हा अवधी तीन सेकंदांवर किंवा त्याहून पुढे नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आपणहून बोलणारी मुलं वाढली आणि मुलांकडून प्रश्नही जास्त येऊ लागले. ऐकायला तीन सेकंद किरकोळ वाटतात. पस्तीस-चाळीस डोळ्यांच्या जोड्या तुमच्यावर असताना आणि मागे निरीक्षक बसलेले असताना ते फार लांब वाटतात. मी छात्राध्यापकांना सांगते, की प्रश्न विचारून झाला की तो मनातल्या मनात सावकाश पुन्हा वाचा आणि मगच एखाद्याचं नाव घ्या. प्रश्नाआधी नाव घेतलं, तर बाकीचा वर्ग तिथेच सुटतो.

रो यांनी दुसऱ्या थांबण्याबद्दलही लिहिलं आहे, आणि ते जास्त अवघड आहे. ते म्हणजे मुलाचं उत्तर आल्यानंतरचं थांबणं. आपण लगेच ‘बरोबर’ म्हणतो किंवा त्याचंच उत्तर मोठ्याने परत म्हणतो. आपण परत म्हणतो तोवर मुलं एकमेकांचं ऐकत नाहीत, कारण महत्त्वाचं असेल ते बाई पुन्हा सांगणारच. एक तास उत्तराची पुनरावृत्ती न करता घेऊन पाहा. काही मिनिटांतच मुलं “काय म्हणाला तो?” असं एकमेकांना विचारू लागतात. तुम्हाला मात्र हात बांधल्यासारखं वाटेल. ती अस्वस्थता योग्य जागची आहे.

आता न येणाऱ्या प्रश्नाबद्दल. “मला आत्ता नक्की सांगता येत नाही” हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणून पाहा. शिक्षकाचा आदर त्याने जात नाही. आदर जातो तो त्यानंतर दोन गोष्टी केल्या तर. पहिली, काहीतरी जुळवून सांगणं. मुलांना ते कळतं, आणि नाही कळलं तर त्याहून वाईट, कारण मग चुकीची माहिती त्यांच्याकडे राहते. दुसरी, ‘उद्या सांगते’ म्हणून तो विषय कधीच न काढणं. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात, विचारणाऱ्याच्या नावासह लिहा. तास संपताना तो वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यानेच करा, उत्तर अर्धवट मिळालं असलं तरी. ‘तुम्हीच शोधून आणा’ हे मला विशेष आवडत नाही. तुम्हीही शोधणार असाल आणि दोघांचं मिळालेलं ताडून पाहणार असाल, तर ते चांगलं. नुसतं अंगावरचं झटकायला वापरलं, तर मुलं पुढच्या वेळी प्रश्नच विचारत नाहीत.

गटकार्याची भीती बहुतेक वेळा गोंगाटाची असते, आणि गोंगाट बहुतेक वेळा सूचनांमधून येतो. बाकं हलवून सहा-सहांचे गट करून सुरुवात करू नका. शेजारच्याशी दोन मिनिटं, एकच प्रश्न, आणि शेवटी दोघांमिळून एक ओळ लिहायची, इथून सुरू करा. काय करायचं, किती वेळात, शेवटी हातात काय असायला हवं, हे मुलं जागेवरून हलायच्या आत सांगा. एका मुलाला ते परत म्हणायला लावा. मुलं एकदा वळून बसली की तुमचा आवाज पोचत नाही आणि मग ओरडावं लागतं. जोड्यांमध्ये हे नीट जमलं की चौघांचे गट करा. मुलं काम करत असताना वर्गभर फिरून प्रत्येकाला उत्तर पुरवत बसू नका. एका गटाजवळ उभं राहून पूर्ण दोन मिनिटं फक्त ऐका. पुढच्या चर्चेत कुणाला आधी बोलतं करायचं, ते त्या ऐकण्यातून ठरतं. मला विचाराल तर गटकार्याचा निम्मा फायदा इथे आहे, आणि तो हुकतो, कारण शिक्षक त्या वेळी फळा पुसत असतात.

लहान इयत्तेचं फार मनावर घेऊ नका. सूचना लहान वाक्यांत आणि एका वेळी एकच द्या, कामाचा प्रकार लवकर बदला, आणि पहिल्या दिवशी शिकवण्याआधी तासभर त्या वर्गात नुसतं बसा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. विषयज्ञान कच्चं ठेवून वर्गात जाण्याला कम्फर्ट झोन सोडणं म्हणत नाहीत. लहान मुलांना शिकवताना आशय सोपा वाटतो. पण हातच्याची वजाबाकी का चालते हे दहा तऱ्हांनी सांगता येणं, हे सूत्र सिद्ध करण्याइतकंच कठीण आहे. त्याची तयारी घरी पूर्ण करा. वर्गात अनिश्चितता हवी ती मुलांच्या विचारांची, तुमच्या अभ्यासाची नव्हे.

स्वतःचा पाठ ध्वनिमुद्रित करून ऐकणं किंवा चित्रित करून पाहणं पुष्कळांना नको वाटतं. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस फुलर यांनी शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला होता. आधी स्वतःची काळजी, मी कसा दिसतो, वर्ग मला मानेल का. मग कामाची, वेळ पुरेल का, साधनं आहेत का. सगळ्यांत शेवटी मुलांची, त्यांना समजलं का. पहिल्यांदा चित्रण पाहताना तुम्ही पहिल्याच पायरीवर अडकाल: आवाज असा का येतो, हात का हलवते. ते होऊ द्या. दुसऱ्यांदा पाहताना स्वतःकडे बघायचंच नाही, फक्त मुलांचे चेहरे बघायचे. शक्य असेल तर कॅमेराच मुलांकडे लावा, अर्थात शाळेची परवानगी घेऊन. आणि ते चित्रण कुणाला पाठवू नका.

चित्रण जमत नसेल तर नेड फ्लँडर्स या संशोधकाच्या आंतरक्रिया विश्लेषणाचा, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते मोजण्याच्या पद्धतीचा, साधा उपयोग करता येतो. त्यांच्या पद्धतीत दहा प्रकार आहेत: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, एक शांतता किंवा गोंधळाचा. निरीक्षक दर तीन सेकंदांनी नोंद करतो. दहाच्या दहा प्रकार पाठ करायची तुम्हाला गरज नाही. मैत्रिणीला मागे बसवा. तीन रकाने आखा: मी, मुलं, शांतता. दर तीन सेकंदांनी एक रेघ. दहा मिनिटांत २०० रेघा होतात. फ्लँडर्स यांना सर्वसाधारण वर्गात सुमारे दोन तृतीयांश वेळ बोलण्यात, आणि त्या बोलण्यातला दोन तृतीयांश भाग शिक्षकाच्या तोंडी, असा आढळला होता. तुमचा ‘मी’चा रकाना किती भरला ते पाहा. मुलांना पुष्कळ बोलू दिलं असं मनापासून वाटणाऱ्यांचेही रकाने बघण्यासारखे असतात. मार्गदर्शकांच्या शेऱ्यापेक्षा ही आकडेवारी सहन करायला सोपी जाते, कारण तिच्यात कुणाचं मत नसतं.

आणि मग जो बदल करून पाहिलात, तोच पुन्हा करा. यावर मी अडून बसते. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन रचलं. त्यात एकच कौशल्य, पाच-दहा मिनिटं, मोजकी मुलं, मग प्रत्याभरण (कसं झालं ते सांगणं), पुनर्नियोजन आणि पुनरध्यापन (तेच पुन्हा शिकवणं) असा क्रम होता. प्रत्यक्षात वेळ कमी पडला की पहिल्यांदा पुनरध्यापन गाळलं जातं, आणि नेमकं तेच गाळायला नको होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आपल्याला जमेल या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात पहिला सर्वांत बळकट. म्हणून “तुला जमेल गं” असं दहा वेळा ऐकण्यापेक्षा, गेल्या आठवड्यात विस्कटलेली जोडीतली चर्चा या आठवड्यात जरा बरी झाली, याचं वजन जास्त. एकदा करून ‘मला नाही जमत’ म्हणून सोडून दिलं, तर भीतीच पक्की होते. तोच बदल, दुसरी तुकडी किंवा दुसरा घटक, त्याच आठवड्यात.

प्रशिक्षणात तीन वर्तुळांचं एक चित्र वारंवार दाखवलं जातं: आत सुखाचं, मधे शिकण्याचं, बाहेर घाबरण्याचं. त्याला आधार म्हणून यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा १९०८ चा प्रयोग सांगतात. तो प्रयोग विजेचे झटके देऊन उंदरांना फरक ओळखायला शिकवण्याचा होता. शिक्षक होणाऱ्या माणसाने किती घाबरावं याचं माप त्यात शोधू नका. त्याऐवजी एक प्रश्न स्वतःला विचारा: या अस्वस्थतेची किंमत कोण मोजतंय? तुम्ही मोजत असाल, तर चालेल. मुलं मोजत असतील, तर थांबा. परीक्षा तोंडावर असताना अवघड घटकावर नवा प्रयोग करू नका. नुकत्याच बोलू लागलेल्या मुलाला ‘भीड चेपायला’ अचानक फळ्याशी बोलावू नका. त्यालाही तुमच्यासारखीच एकेका पायरीची गरज आहे, आणि आधी शेजाऱ्याशी बोलायची संधी दिलीत तर तो दोन आठवड्यांनी आपणहून उठेल.

तुमच्या बाजूनेही मर्यादा आहे. कुणी मुलांसमोर तुमचा पाठ मधेच थांबवून बोल लावत असेल, तर ते तुम्हाला बाहेर काढणं नसून अपमान आहे. शांतपणे, पाठ संपल्यावर, “सूचना मला नंतर सांगाल का?” असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. पाठाच्या आदल्या रात्री झोप न लागणं सर्वांचंच होतं. पण आठवडेच्या आठवडे झोप, जेवण बिघडलं असेल, तर ते धाडसाने सोडवायचं काम नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

पुढच्या पाठाआधी मार्गदर्शकांना भेटून टाचणाच्या वर एक ओळ लिहून दाखवा. उदाहरणार्थ: “आज चुकीच्या उत्तरानंतर ‘तुला कसं वाटलं?’ विचारून थांबणार आहे. कृपया फक्त तेवढंच पाहावं.” बहुतेक मार्गदर्शक यावर खूश होतात, कारण त्यांनाही नेमकं काहीतरी पाहायला मिळतं. त्या पाठाच्या वेळेत सात-आठ मिनिटं मोकळी ठेवा. टाचणात त्या जागी ‘मुलांच्या उत्तरावरून’ एवढंच लिहा, आणि वेळ संपत आली तर काय गाळायचं ते आधीच ठरवून खूण करून ठेवा. अंतिम गुणांचा पाठ असेल, तर त्यात पहिल्यांदाच करून बघायचं असं काही घेऊ नका. तोवर दोन-तीनदा जमलेलं तेवढंच न्या. सुरुवात कोणत्या घटकापासून करायची असा प्रश्न पडला, तर तुमचा सर्वांत आवडता, तोंडपाठ असलेला घटक निवडा. आशयाची चिंता नसेल तेव्हा मुलांचं ऐकायला डोकं मोकळं राहतं.